तासगाव: वाडा, कचेरी आणि बेदाण्याचे सौदे

दिवाळी जवळ आली की सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या बाजार समितीतले बेदाण्याचे सौदे काही आठवड्यांसाठी बंद होतात. या काळात व्यापारी, अडते आणि शेतकरी यांची देणीघेणी मिटवायची असतात. व्यापारी याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला ती फक्त सुट्टी वाटते, पण तालुक्यातल्या कित्येक घरांचा दसरा-दिवाळीचा बाजार, सोसायटीचा हप्ता आणि मुलीच्या लग्नाची तारीखही या हिशेबावर अवलंबून असते. गावाचा सगळा व्यवहार असा एका वाळवलेल्या फळाभोवती का फिरू लागला, हे कळायला बरंच मागे जावं लागतं. द्राक्षं इथे अगदी अलीकडची आहेत.

अठराव्या शतकात तासगाव हे पटवर्धन सरदारांचं ठाणं होतं. सांगलीला राजधानीचा मान १८०१ नंतर मिळाला. चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी तिथे बस्तान बसवलं, तेव्हा. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धन त्याआधीच नांदत होते. आज तालुक्याचा माणूस प्रत्येक मोठ्या कामासाठी पंचवीसेक किलोमीटरवरच्या सांगलीला जातो. तासगावकर मोठेपणाचा हा जुना क्रम अधूनमधून ऐकवतात, तो उगाच नाही.

परशुरामभाऊंची हयात मोहिमांवर गेली. टिपूविरुद्धच्या युद्धात धारवाडचा वेढा त्यांच्याकडे होता आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठी फौजांचं नेतृत्व त्यांनी केलं. कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत पाहिलेली देवळं डोक्यात ठेवूनच त्यांनी तासगावच्या गणपती मंदिरापुढे सात मजली गोपुर उभारलं, असं सांगतात. मंदिराचं काम १७७९ च्या सुमारास सुरू झालं. कोल्हापूरकरांशी झालेल्या पट्टणकोडोलीच्या लढाईत १७९९ साली भाऊ पडले, आणि उरलेलं काम पुढच्या पिढीने पुरं केलं. महाराष्ट्रात दक्षिणी धाटणीची गोपुरं फारशी नाहीत. त्यामुळे एसटीतून येणाऱ्याला गाव दिसण्याआधी ते दिसतं.

इथला उजव्या सोंडेचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला रथोत्सव असतो. दोरखंडांनी ओढलेला उंच लाकडी रथ गणपती मंदिरापासून काशिविश्वेश्वरापर्यंत जातो आणि परत येतो. अंतर अगदी थोडं, पण गर्दीमुळे त्याला दुपार पुरत नाही. दोराला हात लावायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. गुलाल इतका असतो की संध्याकाळी माणूस ओळखू येत नाही. संस्थान गेलं, वाड्याची सत्ता गेली, पण पटवर्धनांनी घालून दिलेला हा दिवस मात्र गावाने आपला करून टाकला.

संस्थान गेलं ते १८४८ मध्ये. परशुरामभाऊंच्या मुलांत वाटण्या होऊन जमखंडी आणि तासगाव अशा दोन गाद्या झाल्या होत्या. तासगावच्या गादीला वारस उरला नाही आणि कंपनी सरकारने ती खालसा केली. साताऱ्याची गादीही त्याच साली गेली. राजधानीचं गाव सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण झालं. मामलेदार आला, कचेरी आली, आणि गावाचं वजन वाड्याकडून कचेरीकडे सरकलं.

म्हणूनच १९४२ साली लोक चाल करून गेले ते कचेरीवर. ‘चले जाव’च्या हाकेनंतर सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. तासगावचा मोर्चा ३ सप्टेंबरचा. खेड्यापाड्यांतून हजारोंनी लोक आले, कचेरीवर तिरंगा लागला, अधिकाऱ्यांना गांधी टोपी घालावी लागली आणि लोक शांतपणे घरी परतले. पण ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० ला इस्लामपूरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची वाट त्यानंतरची. त्याचा मोठा तळ कुंडलला, तासगावच्या शेजारीच होता. माझ्या मते तासगावच्या मोर्चाची आठवण या मोठ्या कथेखाली दबली, कारण तिथे रक्त सांडलं नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कचेरीचं महत्त्वही मग ओसरत गेलं.

द्राक्षं येण्याआधी हा मुलूख ज्वारीचा, हरभऱ्याचा आणि विहिरीपुरत्या बागायतीचा होता. तालुका पर्जन्यछायेत येतो आणि येरळा वर्षातला बराच काळ कोरडी असते. पण जास्त पावसाचं वावडं असलेल्या द्राक्षाला हीच हवा मानवली. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून लांबट मण्याचा वेगळा वाण निवडला. ‘तास-ए-गणेश’ या नावाने तो महाराष्ट्रभर गेला. प्रयोगशाळेतून नव्हे, तर शेतकऱ्याच्या नजरेतून आलेल्या या वाणाने तालुक्याला ओळख दिली. पाणी खारं होत चाललं तेव्हा ते सोसणाऱ्या डॉगरीज या काटक द्राक्षवेलीच्या खुंटावर कलमं बांधली गेली आणि ठिबक आलं. दुष्काळात टँकरने पाणी आणून बागा जगवल्या. मणेराजुरी, सावळज या पट्ट्यात माणसांइतकीच वेलीसाठी टँकरची वाट पाहिली गेली आहे.

वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी घडासाठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ भरून आलं की दावण्या या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणीचे पंप रात्रीही चालतात. गेल्या काही वर्षांत हा अवकाळी पाऊस वारंवार येऊ लागला आहे. ताजी द्राक्षं घेणाऱ्या दलालाने भाव पाडला किंवा पैसे बुडवून तो पसार झाला, तर हाती काय उरणार? या धास्तीतून बेदाणा वाढला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून घड शेडमधल्या रॅकवर जाळीत पसरायचे आणि दोन-तीन आठवडे कोरड्या वाऱ्याची वाट पाहायची. या वाऱ्यासाठी बरेच जण तालुक्याबाहेर, नागज-जुनोनीच्या माळावर शेड घेतात. माल कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला की भाव येईपर्यंत थांबता येतं. ही सवलत ताज्या फळाला कधीच नव्हती.

सौद्याच्या जागीही तक्रारी आहेतच. बॉक्स फोडून नमुना पाहताना बेदाणा उधळला जातो, आणि ही तूट शेतकऱ्याच्या अंगावर पडते. त्यावर बैठका होतात, बंदीचे ठराव होतात, आणि काही महिन्यांनी तोच विषय पुन्हा निघतो.

याच तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील १९९० पासून तासगावचे आमदार होते. ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम त्यांनी राबवली. गावातल्या भांडणाचं मूळ बांधावर आणि पाटाच्या पाण्यात असतं, हे या भागात वाढलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हैसाळ, ताकारी, टेंभू आणि आरफळ या सिंचन योजनांचं पाणी टप्प्याटप्प्याने तालुक्याच्या वेगवेगळ्या भागांत पोचलं. ते आल्यावर द्राक्ष वाढेल असा हिशेब होता. अनेकांनी उलटंच केलं. औषधं, मजुरी आणि बँकेचं कर्ज सोसत नाही म्हणून त्यांनी वेली काढून ऊस लावला. तो कमी देतो, पण ऑक्टोबरच्या पावसाने एका रात्रीत जात नाही, असं त्यांचं गणित आहे.