वाचलेलं फक्त 10 टक्केच लक्षात राहतं?

‘वाचलेले 10 टक्के, ऐकलेले 20, पाहिलेले 30 आणि स्वतः केलेले 90 टक्के लक्षात राहते’ हा त्रिकोण शिक्षक-पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातून काढला जाणारा अर्थ: खडू-फळा जुनाट, उपक्रम दिला की मुलं आपोआप शिकतात.

मूळ आकृती 1946 च्या एका पुस्तकातली. तिच्यात अनुभवांचे प्रकार होते, टक्के नव्हते. ते मागाहून चिकटले. शिवाय कोणता विषय, किती दिवसांनी घेतलेली चाचणी, हे कळल्याशिवाय ‘10 टक्के’ला अर्थ नाही. (सगळे आकडे इतके गोल कसे, हाही प्रश्नच.)

त्रिकोण पटतो, कारण थोडं तथ्य आहे: डोकं चालवलं की जास्त टिकतं. पण त्यासाठी हात चालायलाच हवेत असं नाही. ज्वालामुखीची प्रतिकृती रंगवण्यात तास गेला आणि लाव्हा का उसळतो हे राहूनच गेलं, तर मजा आली, पण धडा हुकला. उलट फळ्यावरचं गणित अर्धवट सोडून ‘पुढची पायरी कोण सांगेल?’ विचारलं, की मागचा बाकही वही उघडतो.

पडताळायचंय? धड्याचा अर्धा भाग दोनदा वाचायला द्या. उरलेला एकदा वाचून, पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला सांगा. आठवड्याने दोन्हींवर प्रश्न विचारा. बहुधा दुसरा भाग जास्त आठवतो, आणि वाचन तर दोन्हीकडे आहे.