रोपाआधी जिवाणू जेवतात

‘केळ्याची सालं रात्रभर भिजवा, ते पाणी रोपांना घाला, आठ दिवसांत फुलं!’ असले व्हिडिओ नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सारखे फिरत असतात. सालीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं हे खरं आहे. पण कोवळ्या रोपाला पानं वाढवायला नत्र, म्हणजे नायट्रोजन, लागतं, आणि सालीतलं बरंचसं नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं. ते सोडवतात मातीतले जिवाणू आणि बुरशी, तेही आधी स्वतःचं पोट भरून.

त्यांचा हिशेब मला फार सुंदर वाटतो. जिवाणूच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बाला (कार्बनला) 1 भाग नत्र असतं. खाल्लेल्या कर्बापैकी दोन तृतीयांश श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे 1 भाग नत्र वापरायला त्याला सुमारे 24 भाग कर्ब लागतो. वाळक्या पानांत हे प्रमाण 60 ला 1 धरलं, तर 60 भाग कर्बासाठी अडीच भाग नत्र हवं; पानांत आहे एकच. उरलेलं दीड जिवाणू मातीतून उचलतात आणि रोप पिवळं पडतं. भाजीच्या हिरव्या देठांत प्रमाण 24 च्या खाली असतं, तिथे जास्तीचं नत्र अमोनियम होऊन बाहेर पडतं. मग नायट्रोसोमोनास नावाचा जिवाणू त्याचं नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर हा दुसरा जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट.

मग हिरवी सालं थेट कुंडीत का पुरू नयेत? कारण कुजताना जिवाणू मुळांजवळचा ऑक्सिजन संपवतात, अमोनिया कोवळी मुळं भाजतो आणि ओलाव्यात पिथियम हा बुरशीसारखा जीव फोफावून रोपं कोलमडतात. निफाड-लासलगावचा शेतकरी कांद्याच्या रोपवाटिकेत कुजलेलंच शेणखत घालतो, ते याचसाठी.

अंड्याच्या टरफलांचं कौतुकही आवरतं घ्यावं. ती म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. आपल्या काळ्या मातीत ही चुनखडी बहुधा आधीच भरपूर असते. मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर टरफलांची गरज नाही.

ओला कचरा आणि वाळका पाला थरांनी रचून, अधूनमधून हलवून, पूर्ण कुजू द्या. खताला ओल्या मातीचा वास आला की त्यात थोडी माती मिसळून मेथीचे दाणे पेरा. ते नीट उगवले तर खत तयार. मग चार भाग मातीला एक भाग खत रोपांना पुरतं.