कन्फ्युशियसच्या गल्ल्यात नक्की काय आहे?

परवा फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आला. चिनी माणूस एवढी बचत का करतो, तर म्हणे अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्युशियस सांगून गेलाय म्हणून. खाली उगवता सूर्य आणि एक सुविचार, जो त्याचा असेलच असं नाही, कारण नेटवर मालक नसलेला कुठलाही सुविचार त्याच्या नाहीतर आइन्स्टाइनच्या नावावर खपवतात. आपल्याकडेही 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' आहेच की, म्हणून काय कोणी क्रेडिट कार्ड घेत नाही का!

आता कन्फ्युशियस काटकसरीबद्दल बोललाय हे खरं. उधळेपणाने माणूस उद्धट होतो, काटकसरीने कद्रू होतो, आणि दोन्हीतलं एक घ्यायचं तर कद्रूपणा परवडला, असं 'ॲनालेक्ट्स'मध्ये, म्हणजे त्याच्या वचनांच्या संग्रहात आहे. पण गंमत बघा, त्याच्यानंतर आलेल्या मोझी या चिनी विचारवंताची तक्रारच ही होती की हे कन्फ्युशियसवाले थाटामाटाच्या अंत्यविधीत आणि तीन-तीन वर्षांच्या सुतकात लोकांची घरं धुऊन काढतात.

खरी अडचण आकड्यांची आहे. १९७८ पर्यंत चिनी कुटुंबं उत्पन्नाच्या जेमतेम ५ टक्के वाचवायची आणि १९९४ मध्ये ३४ टक्के. सोळा वर्षांत कन्फ्युशियस सहा-सात पट मोठा झाला का? हे आकडे मोदिग्लियानी आणि काओ या अर्थशास्त्रज्ञांच्या २००४ च्या पेपरमधले, आणि त्यांचं उत्तर मला प्रचंड आवडतं म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

एक गल्ली घ्या, दोनच घरं. एकात तरुण, एकात म्हातारा. तरुण १०० कमावतो, २० म्हातारपणासाठी ठेवतो. म्हाताऱ्यानेही तरुणपणी १०० मधले २० ठेवले होते, ते आता मोडून खातोय. (व्याज सोडून द्या.) गल्लीची बचत किती? २० वजा २०, शून्य! दोघंही शिस्तीचे, तरी शून्य. आता पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतायत असं धरा, ३० वर्षांत साधारण १० पट होतात. म्हणजे म्हातारा तरुणपणी १० च कमवायचा, त्यातले २ ठेवले, तेच आता मोडतोय. तरुणाचे २० वजा याचे २, गल्लीची बचत १८! स्वभाव तोच, हिशोब तोच, पाचातला एक रुपया बाजूला ठेवायची सवय तीच, फक्त वाढीचा वेग बदलला. म्हणजे या मॉडेलमध्ये देश श्रीमंत आहे की गरीब याने बचतीचा दर ठरतच नाही, वाढ किती जोरात चाललीय आणि कमावणारे किती, खाणारे किती याने ठरतो, आणि वाढ मंदावली की काही वर्षांनी दर आपोआप खाली येतो कारण तेव्हाचे म्हातारेही चांगल्या पगारावर निवृत्त झालेले असतात.

त्यात १९८० च्या सुमारास एक-मूल धोरण आलं. खाणारी तोंडं कमी झाली, आणि म्हातारपणची काठी एकच उरली, तीही मुलगी असली तर लग्न होऊन जाणार असं मानणारा समाज. मग काठी बँकेत ठेवायची. सरकारी कारखान्याची 'लोखंडी भाताची वाटी', म्हणजे जन्मभराची नोकरी, घर, दवाखाना सगळं कारखान्याकडे, तीही नव्वदीत फुटायला लागली. आणि इथे फॉरवर्ड उलटाच पडतो बघा, कारण कन्फ्युशियसची सगळ्यात पक्की शिकवण आईबापांची सेवा ही आहे, आणि पोरं सांभाळणार याची खात्री असेल तर माणूस कशाला साठवेल?

ता. क. 'चिनी भाषेत क्रियापदाला भविष्यकाळ नाही म्हणून ते भविष्यासाठी साठवतात' हे पण फिरतं. तो २०१३ चा खरा पेपर आहे, पण २०१५ मध्ये मूळ लेखकही सामील असलेल्या टीमने एकमेकींशी नातं असलेल्या भाषा लक्षात घेऊन गणित पुन्हा केलं तेव्हा तो संबंध बराच फिका पडला.

आणि तोच कन्फ्युशियस वाचणारा दक्षिण कोरिया? नव्वदीत तिथली कुटुंबं वीस टक्क्यांच्या वर वाचवायची, पुढच्या दहाएक वर्षांत दर एक आकडी झाला. काकांना विचारलंय, अजून ब्लू टिकच आहे.