निर्वासितांसाठी सामुदायिक कलोपचार

युद्ध, छळ किंवा सक्तीचे स्थलांतर सोसून आलेल्या लोकांनी प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या सोबतीने, गटात बसून चित्रे, मातीकाम, कोलाज, भरतकाम इत्यादी करण्याच्या आणि त्यातून मनावरचा ताण हलका करण्याच्या पद्धतीला सामुदायिक कलोपचार म्हणतात. हे काम रुग्णालयाऐवजी छावणीत, शाळेत किंवा वस्तीतल्या एखाद्या खोलीत चालते आणि त्यात सहभागी होण्यासाठी आधी रोगनिदान व्हावे लागत नाही. त्यामुळे नव्या देशाची भाषा न येणाऱ्यांना, तसेच मानसोपचार म्हटले की बिचकणाऱ्यांना ते जवळचे वाटते.

या पद्धतीचे एक मूळ १९३० च्या दशकातील प्रागमध्ये आहे. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकलेली व्हिएन्नाची चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस (१८९८–१९४४) राजकीय कारणावरून झालेल्या अटकेनंतर तेथे आली आणि जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेल्या कुटुंबांतील मुलांना चित्रकला शिकवू लागली. तिची विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर (१९१६–२०१४) तिला या कामात मदत करीत असे. डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडलची रवानगी नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या तेरेझिनच्या वस्तीत झाली, तेव्हा मोजकेच सामान नेण्याची मुभा असूनही तिने चित्रकलेचे साहित्य बरोबर घेतले. तेथील मुले निर्वासित नव्हे तर बंदिवान होती, हे खरे. परंतु तिने शिकवण्याची रीत बदलली नाही. कागदाचा तुटवडा असल्याने वापरलेल्या कार्यालयीन छापील कागदांच्या कोऱ्या बाजूवर मुले चित्रे काढीत. जेथे माणसांची नोंद त्यांना आणणाऱ्या गाडीच्या क्रमांकाने होत होती, तेथे ती प्रत्येक मुलाला चित्रावर स्वतःचे नाव घालायला लावी. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ या नाझी छळछावणीत तिची हत्या झाली. दोन सुटकेसांमध्ये लपवलेली सुमारे ४,५०० चित्रे मात्र वाचली आणि युद्धानंतर प्रागला पोहोचली.

क्रेमर १९३८ मध्ये अमेरिकेत गेली होती. चित्राचा अर्थ लावत बसण्यापेक्षा चित्र नीट पूर्ण करता येणे हाच उपचार होय, अशी तिची धारणा होती. मार्गदर्शकाने स्वतःची आवड न लादता, अडेल तेवढ्यापुरताच हात द्यावा, या भूमिकेला ती ‘तिसरा हात’ म्हणे. अचेतन मनाच्या शोधासाठी चित्राचा वापर करणाऱ्या अमेरिकी कलोपचारतज्ज्ञ मार्गारेट नॉमबर्गच्या पंथापेक्षा हा विचार निराळा असून, गटात काम करणाऱ्यांना तोच अधिक उपयोगी पडला आहे.

कॅनडातील माँट्रियल येथे मनोविकारतज्ज्ञ सेसिल रुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थलांतरित व निर्वासित मुलांसाठी वर्गातच कार्यशाळा आखल्या. त्यांतील एका उपक्रमात मूल स्वतःविषयी काहीच सांगत नाही. मनाला येईल ते पात्र, मग तो माणूस असो वा प्राणी, निवडते आणि त्याचे मूळ गाव, प्रवास, आगमन व पुढचे आयुष्य अशा चार टप्प्यांची चित्रे काढते. सांगायचे ते त्या पात्राच्या आडून सांगता येते. ७ ते १३ वयाच्या १३८ मुलांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कार्यशाळेत नसलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांच्या भावनिक व वर्तनविषयक तक्रारी कमी आढळल्या. तथापि या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास लहान गटांवरचे आहेत, त्यामुळे त्यांवरून मोठे दावे करणे योग्य नाही.

आपत्तीकाळातील मानसिक आरोग्याविषयीच्या २००७ च्या आंतरसंस्था (संयुक्त राष्ट्रे व इतर मदतसंस्थांनी मिळून केलेल्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये मदतीची चार स्तरांची रचना आहे: तळाशी सुरक्षितता व मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब व समुदायाचा आधार, मग व्यक्ती वा गटाकडे दिलेले खास लक्ष आणि शिखरावर तज्ज्ञांचे उपचार. सामुदायिक कलोपचार प्रामुख्याने मधल्या दोन स्तरांत बसतो. निवारा नाही, कागदपत्रे नाहीत, अशा माणसापुढे केवळ रंगपेटी ठेवणे ही त्याची चेष्टाच ठरेल.

चित्र साक्ष म्हणून वापरावे का, हा वादाचा मुद्दा आहे. सुदानच्या दार्फूर प्रांतातून शेजारच्या चाडमध्ये आलेल्या कुटुंबांच्या मुलाखती २००५ मध्ये चालू असताना ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या प्रतिनिधींनी मुलांना गुंतवण्यासाठी कागद-रंगखडू दिले. मुलांनी कोणी न सुचवता जळती खेडी आणि हल्ला करणारी विमाने काढली. पुढे ती चित्रे प्रदर्शनांत मांडली गेली. उपचारगटातील चित्राबाबत मात्र असे करता येत नाही: ते काढणाऱ्याच्या मालकीचे असते आणि त्याच्या संमतीवाचून भिंतीवर, अहवालात किंवा आश्रयाच्या अर्जासोबत जोडता येत नाही.