सोर्सिंग रिस्क

कच्चा माल किंवा सुटे पार्ट ज्या सप्लायरकडून घेतो तिथेच काम अडकायचा धोका म्हणजे सोर्सिंग रिस्क. माल उशिरा येतो, खराब येतो, भाव चढतो, कधी सप्लायरच बुडतो. हे आधी ओळखून सोय करून ठेवणं परचेसवाल्यांचं काम, पण त्यांना शाबासकी मिळते ती रेट पाडल्याची, मग हे मागे पडणारच.

मॅनेजमेंट सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी १९८३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधे मांडलेली पद्धत अजून वापरतात. वस्तूचा नफ्यावर परिणाम किती आणि ती मिळायला अवघड किती, एवढंच बघायचं. किमती माल सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतो, खरा दगा देतो तो स्वस्तातला पण दुसरीकडे न मिळणारा 'बॉटलनेक' आयटम. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारिया कारखान्यात आग लागली, तिथे ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह बनायचा, टोयोटाला तो जवळपास सगळा तिथूनच यायचा आणि जस्ट-इन-टाइममुळे, म्हणजे माल लागेल तेव्हाच मागवायच्या पद्धतीमुळे, स्टॉक जेमतेम काही तासांचा, झालं, टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने काही दिवस ठप्प.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे दुसरा सप्लायर धरणं. ऐकायला सोपं आहे, पण त्याचं सॅम्पल, टेस्टिंग, अप्रूव्हल यात महिने जातात आणि ऑर्डर विभागली की रेटही वाढतो. एवढं करूनही कागदावरचे दोन सप्लायर मागे एकाच ठिकाणाहून माल उचलत असतील तर उपयोग शून्य. जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर हेच दिसलं, गाड्यांच्या रंगातलं 'झिरॅलिक' हे चमकदार पिगमेंट फक्त मर्क या जर्मन केमिकल कंपनीच्या तिथल्या ओनाहामा प्लांटमधे बनत होतं, तो बंद पडल्यावर फोर्डसकट अनेक कंपन्यांना काही रंगांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. म्हणून सप्लायरचा सप्लायर कोण हे विचारायलाच हवं, भले तो सांगायला कुरकुर करो.

जादा स्टॉक हा दुसरा उपाय, पण त्यात पैसा अडकतो आणि एक्स्पायरी असलेल्या मालाला तो फारसा चालत नाही. करारातल्या दंडाच्या कलमावर फार विसंबू नये, दंड मिळाला तरी लाइन बंदच राहते.

कुठे किती खर्च करायचा यासाठी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड सिमची-लेव्ही यांची पद्धत कामाची आहे, ती फोर्डमधे वापरली गेली. आग लागेल का पूर येईल याचा अंदाज बांधत बसायचं नाही, सप्लायर बंद पडला तर परत सुरू व्हायला किती आठवडे लागतील आणि तोवर आपण किती आठवडे तग धरू हे मोजायचं, पहिला आकडा मोठा निघाला की तिथे आधी पैसे घालायचे.