रिकाम्या घरातला धातू

"काकू, दहाला म्हणजे दहालाच या हं. उशीर झाला की डोस कमी पडतो." आत्याच्या बोन स्कॅनच्या आदल्या दिवशी आलेला हा फोन. नाशिकच्या एका रुग्णालयात शिशाच्या जाड आवरणातली सिरिंज आली, इंजेक्शन झालं आणि मग आत्या तीन तास पाणी पीत बसली. सिरिंजमधलं टेक्नेशियम, एक किरणोत्सारी धातू, त्याच सकाळी, त्याच इमारतीत काढलेलं होतं.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीवने 1871 मध्ये मूलद्रव्यांच्या आपल्या तक्त्यात मँगनीजच्या खालचं घर रिकामं ठेवलं. ते याच धातूचं घर. अणुभार 100च्या आसपास असेल, एवढंच सांगितलं. पुढे साठेक वर्षं लोक ते खनिजांत शोधत राहिले. 1925 मध्ये जर्मनीतून 'मासुरियम' सापडल्याची घोषणा झाली, पण तो दावा टिकला नाही. या मूलद्रव्याचं एकही समस्थानिक (वेगळ्या वजनाचा अणू) स्थिर नाही, सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, तेही सुमारे 42 लाख वर्षं. पृथ्वीचं वय 450 कोटी वर्षं. जन्मावेळी जे काही असेल ते केव्हाच संपलं.

सापडलं ते वेगळ्याच वाटेने. अमेरिकेत बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, मारा झेललेली मॉलिब्डेनम धातूची एक पट्टी यंत्राचा जनक लॉरेन्स याने टपालाने सिसिलीतल्या पालेर्मोला पाठवली. 1937 मध्ये सेग्रे आणि पेरिए यांनी तिच्यातून 43वं मूलद्रव्य वेगळं केलं. ग्रीक भाषेत 'कृत्रिम', म्हणून टेक्नेशियम.

रुग्णालयात लागतं ते त्याचं एक समस्थानिक, टेक्नेशियम-99एम. अर्धायुष्य सहा तास. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्याला दिसतात. शिवाय हा संक्रमण धातू, वेगवेगळ्या रेणूंशी बांधला जातो: फॉस्फोनेटशी बांधला की हाडांकडे जातो, दुसऱ्या रेणूशी बांधला की हृदयाच्या स्नायूंत.

पण सहा तासांत निम्मा होणारा माल साठवायचा कसा? उत्तर 1958 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत टकर आणि ग्रीन यांनी दिलं. आई पाठवायची, लेक नाही. मॉलिब्डेनम-99चं अर्धायुष्य 66 तास. ते ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) भरलेल्या नळीत बसवून शिशाच्या भांड्यातून प्रवासाला निघतं, कसारा घाट चढूनही भरपूर उरतं. त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत राहतं. सकाळी नळीतून सलाइन सोडलं की मॉलिब्डेनम जागेवर चिकटून राहतं, टेक्नेशियम विरघळून बाटलीत उतरतं. या भांड्याला जगभर 'गाय' म्हणतात, म्हणजे ही धार काढणंच झालं. दिवसभरात पुन्हा भरते. आठवड्याने मात्र सहावा हिस्साच उरतो, मग नवी गाय.

आपल्याकडे किरणोत्सार म्हटलं की लासलगावचं कांद्याचं केंद्र आठवतं. तिथे कोबाल्ट-60 आहे, वर्षानुवर्षं एका जागी बसणारं. हे त्याच्या अगदी उलट. चार वाजता आत्या घरी चहा टाकत होती, तोवर तिच्या अंगातलं टेक्नेशियम निम्म्याखाली आलं होतं.