पंखा हळू केला तरी बिल तेवढंच?

‘पंखा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, वीज तेवढीच जाते.’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, आणि ते अगदी हवेतून आलेलं नाही.

पूर्वी भिंतीवर मोठा चौकोनी रेग्युलेटर असायचा. हात लावला की गरम लागायचा, कारण आत तारेचं वेटोळं. पंख्याची वाचलेली बरीचशी वीज तिथे उष्णता होऊन जायची. तरीही थोडी बचत व्हायचीच. आताचे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अशी वीज फारशी जाळत नाहीत, त्यामुळे वेग कमी म्हणजे खर्चही कमी.

खात्री घरीच करता येते. फ्रिजसकट सगळं बंद करा, फक्त पंखा चालू. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो तो मोजा. मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला असेल, तर ३२०० लुकलुकी म्हणजे १ युनिट. ७५ वॉटचा पंखा पूर्ण वेगात १० मिनिटांत साधारण ४० वेळा लुकलुकवतो. मग एकवर आणून पुन्हा १० मिनिटं मोजा. (घरातल्या पोराला हे काम द्या, आवडीने करेल.) आकडा बराच खाली आलेला दिसेल. जुना डबा अजून भिंतीवर असेल तर मात्र फरक कमीच दिसेल.